साहेबांच्या खोलीतला चहा

मी सरकारी माणसांना एकमेकांशी बोलायला शिकवतो. हे मी कुणाला सांगत असताना माझी बायको जवळ असेल तर ती मुद्दाम खोकते. मी घरात दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं आमचा दूधवाला पातेलं पुढे येईपर्यंत बोलून मोकळा होतो, असं तिचं म्हणणं आहे. ते खोटं नाही. लोकांना बोलतं करून स्वतः गप्प राहणं हेच माझ्या धंद्यातलं कसब, असं मी इतकी वर्षं समजत आलो. एकदाच मी नको तिथे बोललो, आणि त्यानंतर बोलायला हवं होतं तेव्हा वर्षभर गप्प बसलो. तेच आज लिहायचं आहे. ज्या दोघांबद्दल लिहितोय त्यांना विचारूनच लिहितोय.

आधी धंदा काय तो सांगतो. वनखातं, पाटबंधारे, मृदसंधारण, कृषी, म्हणजे झाडं, पाणी, माती आणि गवत सांभाळणारी माणसं माझ्याकडे येतात. त्यांना त्यांचं काम येतं. ते मी शिकवत नाही. अडतं ते दुसरीकडेच. डोंगरातलं पाणी शेवटी कालव्यात येतं, पण डोंगरावरचा गार्ड आणि कालव्यावरचा निरीक्षक एकमेकांना लग्नातसुद्धा भेटलेले नसतात. खात्यातल्या खात्यातही वरचा बोलतो आणि खालचा 'हो सर' म्हणतो. पत्रावर माझ्या वर्गाचं नाव असतं 'नेतृत्व विकास व सहकार्य प्रशिक्षण'. येणारी मंडळी त्याला 'बोलायचं ट्रेनिंग' म्हणतात, आणि हॉलमध्ये शिरताच पहिला प्रश्न येतो, "सर, पाचला सोडणार ना? मेढ्याची गाडी हाय."

मी आधी टेबलं बाहेर काढतो. टेबल असलं की माणूस त्याच्यामागे लपतो. खुर्च्या गोल मांडतो. मग खुर्च्या बदलायचा खेळ. सांगलीकडचा एक कालवा निरीक्षक मला अजून आठवतो. त्याला मी कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या, पाणी कधीच न पोचणाऱ्या शेतकऱ्याच्या खुर्चीत बसवलं, आणि त्या टोकावरून खरोखर आलेल्या एका शेतकऱ्याला निरीक्षकाच्या. शेतकरी पायावर पाय टाकून शांतपणे म्हणाला, "वरूनच पाणी सुटलं न्हाई, तर आमी काय करणार? अर्ज ठेवून जावा." निरीक्षक लालबुंद झाला. "अर्ज? आवं, तुमच्या हापिसापुढं उपोषणाला बसतो का न्हाई बघा!" म्हणून ताडकन उठला. सगळा हॉल हसून आडवा. तो मात्र हळूच खाली बसला आणि शेजारच्याला म्हणाला, "मी असाच बोलतो व्हय रं?"

अशा वेळी मला माझ्या धंद्याचा फार अभिमान वाटतो. हा अभिमानच पुढे आडवा आला.

माझ्या वर्गातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे चुकीची फेरी. दार लावायचं. स्वयंपाकघरातून आणलेल्या परातीत सगळ्यांनी मोबाइल ठेवायचे. मग प्रत्येकाने आपल्या नोकरीतली एक खरी चूक सांगायची. दुसऱ्याने केलेली चालत नाही, सरकारचीही चालत नाही. जो माणूस आपली चूक मोठ्याने सांगू शकत नाही, त्याला हाताखालची माणसं खरी बातमी कधीच सांगत नाहीत, हे यामागचं तत्त्व. फेरी सुरू करण्यापूर्वी सगळ्यांकडून एक वाक्य म्हणून घेतो: "या खोलीत बोललेलं या खोलीतच राहील."

पहिली चूक माझी. कृषी खात्यात नवा असताना रहिमतपूरकडच्या एका गावात मी गावाला न विचारता माळावर रोपं लावली. नेमका तो जत्रेतल्या कुस्त्यांचा फड होता. जत्रा आली तशी गावाने सगळी रोपं अलगद उपटली, प्रत्येकाने एकेक घरासमोर लावलं आणि मला कुस्त्यांना पाहुणा म्हणून बोलावलं. पहिली कुस्ती मीच लावून दिली. ही गोष्ट खरी आहे, पण सांगून सांगून गुळगुळीत झालेली. तिच्यात माझं काही जात नाही. लोक हसतात, सैल होतात, आणि मग आपल्या खऱ्या, टोचणाऱ्या चुका काढून देतात. मी हसू देऊन रडू घेत होतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

ज्या तुकडीबद्दल हे लिहितोय, तिच्यात जावळीतल्या डोंगरातली दोन माणसं होती. वनरक्षक सुरेखा आणि तिचे वरिष्ठ, वनपाल जाधव. जाधव पलटणीतून निवृत्त होऊन वनखात्यात आलेले. आमच्या साताऱ्यात पलटणीतून आलेला माणूस कुठल्याही हुद्द्यावरून आला तरी मेजरच असतो, तसे तेही मेजर. सुरेखा माणदेशातली, उघड्या माळावर मेंढरांमागे वाढलेली. तिची या पावसाळी डोंगरात बदली झाली तेव्हा मेजरनीच तिला घाटातून मोटरसायकल चालवायला शिकवलं. डबा दोघांचा एकत्र उघडायचा. "तुझी बाजरीची भाकरी चावून माझा पलटणीतला दात हलला," असं ते म्हणायचे. ती म्हणायची, "मग तुमचा भात खावा आन निजा झाडाखाली." जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे पाहून मला वाटायचं, या दोघांना मी काय शिकवणार?

फेरीत सुरेखाची पाळी आली. तिने सांगितलं ते समजायला जाळरेषा म्हणजे काय ते माहीत हवं. उन्हाळ्यात वणवा लागला की वाळलेल्या गवतावरून तो डोंगरच्या डोंगर खातो. म्हणून थंडी सरता सरता वनखातं आपणच गवताचा एक पट्टा जाळून ठेवतं. पुढे वणवा आलाच तर त्या काळ्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही मिळत नाही. पट्टा जाळताना एकजण पेटवत पुढे जातो. बाकीचे कडेला ठरलेल्या जागी हिरव्या फांद्या घेऊन उभे. ठिणगी पलीकडे पडली की फांदीने झोडपायचं आणि ओरडायचं. पेटवणाऱ्याचं लक्ष जाळावर असतं. मागे काय होतंय ते त्याला फक्त हाकेवरून कळतं. त्यामुळे कोणी जागा सोडायची नाही, आणि हाकेला ओ आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सुरेखा म्हणाली, "मी जागा सोडली हुती."

तिची लेक माणदेशात आजीकडे असते. त्या दिवशी पोरीला ताप भरला होता. डोंगरात रेंज एका खडकावरच येते. ती खडकावर गेली, वारा फिरला, ठिणगी पलीकडे गेली आणि खालच्या वाडीचं राखून ठेवलेलं गवत जळालं. माणसाला, जनावराला काही झालं नाही. पण वाडीचा चारा गेला. कागदावर 'वारा फिरल्याने' एवढंच गेलं.

"वारा फिरला ह्ये खरंच हाय," ती म्हणाली. "पर मी जाग्यावर असते, तर दोन फांद्यांत इझवलं असतं."

समोर बसलेल्या मेजरनी मांडीवरची टोपी उलटी करून सुलटी केली. कागदावरचं ते वाक्य त्यांचं होतं, हे मला तेव्हाच समजलं. मी तिला म्हणालो, "ताई, आज तुम्ही या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा मोठ्या झालात." असली वाक्यं मला सुचतात.

मग चहाची सुट्टी झाली.

प्रशिक्षणातला चहा दोन ठिकाणी असतो. व्हरांड्यात कागदी कपातला, सगळ्यांसाठी. आणि साहेबांच्या खोलीत कपबशीतला, बिस्किटांसह, साहेबांसाठी आणि प्रशिक्षकासाठी. हे साहेब वनखात्याचेच, सुरेखा आणि मेजर यांच्या वरचे अधिकारी, भले गृहस्थ. त्यांनी सहज विचारलं, "काय सर, बोलतायत का आमची माणसं?"

"बोलतायत?" मी म्हणालो. "साहेब, जादू झाली जादू! तुमच्या एका गार्डने सांगितलं, जाळरेषेला जागा सोडली म्हणून गवत गेलं. वारा वगैरे नंतरचं. एवढं धाडस मी कुठल्या वर्गात पाहिलं नाही."

नाव मी घेतलं नाही. हे वाक्य मी पुढे वर्षभर मनात धरून बसलो: नाव मी घेतलं नाही. पण साहेबांच्या हाताखालून त्या तुकडीत एकच गार्ड आली होती. साहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं, ते बशीत गळून पडलं, आणि ते "अच्छा" म्हणाले. त्या 'अच्छा'तच मला सावध व्हायला हवं होतं. मी मात्र माझ्या फेरीचं कौतुक ऐकायला थांबलो होतो.

साहेबांनी नियमाने जे करायचं ते केलं. त्यांना मी दोष देत नाही. ऐकल्यावर त्यांना न ऐकल्यासारखं करता आलं नसतं. दोघांचे खुलासे मागवले. सुरेखाची रवानगी खालच्या रोपवाटिकेत झाली, मेजरच्या नावावर ठपका आला. हे मला साहेबांनीच फोनवर सांगितलं, वर म्हणाले, "बरं झालं तुम्ही कानावर घातलंत."

मी नुसतं 'हो' म्हणून फोन ठेवला.

त्याहून वाईट पुढे होतं. त्या तुकडीतले बाकीचे सगळे इतर खात्यांतले, दुसऱ्या तालुक्यांतले. साहेबांना ओळखणारे दोघेच, ती आणि मेजर. तेव्हा सुरेखाने गृहीत धरलं की स्वतःची मान सोडवायला मेजर आधीच साहेबांकडे गेले. मेजरनी धरलं की ही बाई एकदा बोलायला लागली ती साहेबांपुढेही बोलली, आणि जाता जाता आपल्यालाही गुंतवलं. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. दोघांपैकी एकालाही माझी शंका आली नाही. खोलीत बोललेलं खोलीतच राहतं, हे शिकवणारा तर मीच.

डबे वेगळे झाले. वनखात्यातल्या इतर माणसांकडून मी हे सगळं ऐकत होतो आणि दुसऱ्या तुकड्यांना माळावरच्या कुस्त्यांची गोष्ट सांगत होतो. चुकीची फेरी आली की मला तहान लागायची. पण मी सांगितलं नाही. सांगितलं तर पुन्हा माझ्यापुढे कोण तोंड उघडणार, हे मी स्वतःला कारण द्यायचो. खरं कारण साधं होतं. मला भीती वाटत होती.

पुढच्या थंडीत साहेबांचा फोन आला. माणसं कमी पडली म्हणून सुरेखाला परत डोंगरात पाठवलं होतं, आणि जाळरेषा तोंडावर आलेली. "सर, ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत हो. निरोप वाडीतल्या माणसांकरवी चालतात. अशी माणसं जाळापाशी कशी उभी करू? तुमचा तो सहकार्याचा दिवस डोंगरावरच घ्या ना."

मीच पाडलेलं सांधायला मलाच मानाने बोलावलं जात होतं. मी दोरी, परात वगैरे सामान गाडीत घातलं आणि मेढ्याच्या पुढे चढण लागल्यावर ते सगळं तसंच घेऊन परत फिरावंसं वाटलं.

वर गेलो. सुरेखा एका खडकावर, मेजर दुसऱ्या. मध्ये वाडीची पाचसात माणसं निरगुडीच्या फांद्या तोडून बसलेली, आणि त्यांच्यात वाडीतले वयाने सगळ्यात मोठे आबा घोलप. गवत जळालं होतं ते यांच्याच वाडीचं. मी दोरी काढली, गोल उभं राहायला सांगितलं. सगळे उठले, तेही इतक्या शिस्तीत की मला लाज वाटली. मी म्हणालो, "चला, कुणीतरी बोला."

आबांनी तंबाखू झटकली. "आवं सर, ह्ये दोगं बोलत न्हाईत म्हून तर तुमाला बोलावलंय. तुमीच बोला की."

मी दोरी खाली ठेवली आणि सांगितलं. त्या दिवशी चहा घेताना साहेबांना ते मी सांगितलं. सुरेखाताईंनी नाही, मेजरनीही नाही. मी. माझ्या वर्गाची फुशारकी मारायला.

आबांनी तंबाखूची पिशवी गुंडाळून खिशात घातली. मग सुरेखाने विचारलं, "चहा पिताना?"

"हो."

"आमी भाईर कागदाच्या कपात फुंकर मारत हुतो, तवा?"

"हो, तेव्हाच."

"माझी लेक, सर, सुट्टीला आली की रोपवाटिकेत येऊन इचारायची, आई, मेजरकाका का येत न्हाईत? मी म्हणायचे, लबाड हाय तो काका." ती माझ्याकडे बघतच नव्हती, मेजरकडे बघत होती. "मेजर, वरीसभर मी तुमच्या नावानं खडं फोडलं."

"आन मी काय पूजा घालत हुतो व्हय तुझी?" मेजर उठून उभे राहिले. "लय शिव्या घातल्या. पर तू एकदा तरी इचारायचं न्हाईस?"

"मी लहान! तुमी इचारायचं!"

"मी सीनियर हाय म्हून मी इचारायचं? ह्यो कुठला कायदा?"

"ह्योच कायदा! भाकरी माझी खायची आन शंका बी माझ्यावरच!"

दोघंही असे मोठमोठ्याने भांडायला लागले की खालच्या वाडीतली कुत्री भुंकली. वर्षभराचं तुंबलेलं होतं. मी मध्ये पडायला पुढे झालो, तर आबांनी माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं. "बसा वं. आता कुठं पाट फुटलाय, त्यात तुमी पाय घालू नगा."

मग आबांनीच हात वर केला. "आन बाई, गवताचं म्हणशील तर त्ये आमाला तवाच म्हाईत हुतं. तू खडकावर फोन कानाला लावून रडत हुतीस. आमी काय आंधळं हाय? पोराचं दुखणं कुणाला चुकलंय? गवत काय, पाऊस पडला की येतंय. म्हून वाडीनं कुठं तोंड उघडलं न्हाई."

माझ्या वर्गात न आलेल्या त्या वाडीने माझं ते 'खोलीतच राहील'चं वाक्य पाळलं होतं.

सुरेखाने पदराने तोंड पुसल्यासारखं गणवेशाच्या बाहीने पुसलं. मेजर माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता हात उचलतात की काय. त्यांनी माझ्या हातात निरगुडीची फांदी दिली. "सर, तुमच्यावरचा राग काय आज जायचा न्हाई. कागदावरचा ठपका बी जायचा न्हाई. पर वारा पडलाय, काम थांबत न्हाई. तुमी हितं उभं ऱ्हायचं." ती गेल्या वेळची सुरेखाची जागा होती. "फोन आला तरी, देव आला तरी हितनं हलायचं न्हाई."

मेजर पेटवत पुढे गेले. गवत तडतडायला लागलं, तोंडावर धग यायला लागली. सुरेखाची हाक यायची, "मेजर!" आणि तिकडून "ओ!" यायची. मग पुन्हा हाक, पुन्हा ओ. इतकी वर्षं सहकार्यावर मी जे काही बोललो ते सगळं त्या दोन आवाजांत होतं.

तेवढ्यात माझ्या मागे वाळल्या गवतात बारीकसा धूर दिसला. मी फांदी घेऊन तुटून पडलो आणि ओरडलो. मला माहीत नव्हतं माझ्या गळ्यात एवढा आवाज आहे. सुरेखा धावत आली, चार फटक्यांत तिने ते विझवलं, राखेवर बूट दाबला आणि धापा टाकत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"बोलायचं तवा गप बसला, गप बसायचं तवा बोलला," ती म्हणाली. "आज बराबर जमलं बघा."

दुपारी डबे उघडले तेव्हा मला अर्धी भाकरी मिळाली. खरंच कडक होती. मेजर म्हणाले, "आता कळलं?"

खाली आल्यावर मी साहेबांकडे गेलो. जे सांगायचा मला अधिकार नव्हता ते मी तुम्हाला सांगितलं, असं म्हणालो. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सर, ऐकलेलं मला विसरता येत नाही. ही खुर्ची तशी आहे." मेजरचा ठपका तसाच राहिला आणि त्यांच्या निवृत्तीपर्यंत राहील. हे भरून येणारं नाही, आणि ते तसं लिहून ठेवणं मला भाग आहे.

हे छापायला देण्याआधी दोघांना विचारायला गेलो. सुरेखा म्हणाली, "लिवा. पर माझं नाव बदला. मेजरचं राहू द्या, त्यांना बरं वाटंल." मेजर म्हणाले, "आन कुस्तीची त्ये गोष्ट आता पुरं करा." मी दोघांचीही नावं बदलली आहेत. मेजरना ते आवडणार नाही.

कुस्त्यांची गोष्ट मी सोडली आहे. आता दार लावल्यावर मी हीच सांगतो, नावागावाशिवाय. कुणी हसत नाही. काही तुकड्यांत नंतर बराच वेळ कोणी तोंडच उघडत नाही. एखादा तर परातीतला आपला मोबाइल परत घेऊन बाहेर जातो. मी त्याला थांबवत नाही. राहतात ते मात्र जपून, खरं बोलतात.

परवा चहाची सुट्टी झाली तेव्हा शिपाई निरोप घेऊन आला, "सर, साहेब चहाला बोलावतायत. बिस्किटं मांडलीत."

मी व्हरांड्यात कागदी कप घेऊन उभा होतो. म्हणालो, "साहेबांना सांगा, माझा इथेच झाला."

शेजारचा पाटबंधाऱ्याचा कर्मचारी माझ्याकडे बघून जरा सरकला आणि त्याने कठड्यावर मला जागा करून दिली.